महापेतली हाय-सी सेवा: नकाशा खणखणीत, वयाचा रकाना मात्र तपासून घ्या

गुणसूत्रं केंद्रकात कशी दुमडून बसलेली असतात, त्याचा नकाशा काढून देणारं एक पॅकेज महापे एमआयडीसीतली एक सेवाकंपनी विकते. नमुना तुमच्या दारातून उचलायचा, हाय-सी लायब्ररी (केंद्रकात एकमेकांजवळ असलेले डीएनएचे तुकडे जोडून केलेला, वाचायला तयार संच) बनवायची, ३० कोटी रीड-जोड्या (तुकड्यांच्या दोन्ही टोकांकडून वाचलेले क्रम) वाचायच्या, विश्लेषण करून अहवाल द्यायचा, आणि वेगळे पैसे भरले तर प्रत्येक जनुकापुढे त्याचं 'उत्क्रांतीचं वय' लिहिलेला तक्ताही जोडून द्यायचा. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. खाली सांगितलेल्या उणिवा या प्रकारच्या पॅकेजांमध्ये सर्रास दिसतात. कोटेशन कुणाचंही असो, तपासायचे मुद्दे तेच.

निकाल आधीच सांगून टाकतो. प्रयोगशाळेतल्या ओल्या कामाला पाचपैकी साडेचार, नकाशाच्या विश्लेषणाला तीन, वयाच्या तक्त्याला दीड. जुनी जनुकं कुठे बसतात आणि नवी कुठे, हा प्रश्न घेऊन जाणाऱ्याला नेमका शेवटचा भाग हवा असतो, आणि पॅकेजचा तोच भाग सगळ्यांत कच्चा आहे.

विकत घेण्याआधी एक गोष्ट. माणसाच्या किंवा उंदराच्या नेहमीच्या पेशींवर काम असेल तर हे पॅकेज लागतच नाही. जीएम१२८७८ या माणसाच्या लिम्फोब्लास्टॉइड पेशींचा २०१४ सालचा नकाशा ४९० कोटी संपर्कांचा (जवळ आलेल्या दोन जागांच्या जोड्यांचा) आहे आणि तो जीएसई६३५२५ या क्रमांकाखाली फुकट उतरवता येतो. तितकी खोली, म्हणजे तितके संपर्क वाचणं, स्वतःच्या खर्चानं गाठणं लहान प्रयोगशाळेला अवघड आहे. पैसे खर्च करण्याला अर्थ आहे तो पेशींचा प्रकार वेगळा असेल, ऊतक ताजं असेल किंवा ज्या प्राण्याचा नकाशा अजून कुणी काढलेलाच नाही असा प्राणी असेल तर.

आता कामाकडे. पिकअपची सोय चांगली आहे, पण नमुना फिक्स करण्याची, म्हणजे फॉर्मल्डिहाइडनं पेशींतलं सगळं जागच्या जागी बांधून ठेवण्याची, जबाबदारी ग्राहकाची, आणि अर्धे प्रयोग इथेच बिघडतात. कंपनी एका पेलेटमध्ये (तळाशी बसवलेल्या पेशींच्या गोळ्यात) २० ते ५० लाख पेशी मागते. ते रास्त आहे. पण मोजून द्या, अंदाजे नको, आणि प्रत्येक नमुन्याच्या दोन पेलेट द्या. फॉर्मल्डिहाइड १ टक्का, खोलीच्या तापमानाला १० मिनिटं. मिथेनॉल नसलेली १६ टक्क्यांची बंद ॲम्प्यूल घेतली तर एकूण १० मिलीमध्ये ६२५ मायक्रोलिटर लागतं. महिन्यापूर्वी उघडलेली ३७ टक्क्यांची बाटली वापरू नका. तळाशी पांढरा साका दिसला म्हणजे वरच्या द्रावणाची खरी तीव्रता कुणालाच माहीत नसते. सीरम असलेल्या माध्यमात फिक्स केलं तर सीरममधली प्रथिनं फॉर्मल्डिहाइड खाऊन टाकतात आणि पेशींच्या वाट्याला कमी येतं. म्हणून आधी सीरमशिवायच्या माध्यमात पेशी घ्या. मग २.५ मोलर ग्लायसिनचे ८७० मायक्रोलिटर घालून तीव्रता ०.२ मोलरवर आणा, ५ मिनिटं थांबा, थंड पीबीएसनं धुवा, पेलेट द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा आणि उणे ८० अंशांवर ठेवा. फिक्सिंग जास्त झालं तर पुढे एन्झाइमला डीएनएपर्यंत पोहोचता येत नाही आणि कापणी अर्धवट राहते. कमी झालं तर केंद्रकं फुटतात, मोकळे तुकडे कुणाशीही जुळतात आणि नकाशाभर भुरभुर दिसते.

खारघरहून किंवा घोडबंदर रोडवरून महापेला पेटी पाठवायची तर वेळेचा हिशेब किलोमीटरवर करू नका. शिळफाट्याच्या बाजूनं गाडी अडकली तर अडकली. थर्माकोलच्या मध्यम पेटीतला ड्राय आइस २४ तासांत साधारण २ ते ५ किलो उडून जातो. संध्याकाळच्या पिकअपला ५ किलो भरा, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडली तरी चिंता नाही. झाकणाला चारी बाजूंनी टेप मारून हवाबंद करू नका, आतला वायू पेटी फोडतो. आणि एसी गाडीत काचा पूर्ण बंद करून पेटी सीटवर ठेवू नये, हे ड्रायव्हरला सांगायचं काम कंपनी करत नाही, तुम्हीच करा.

कंपनीची ओली प्रक्रिया म्हणजे सर्वमान्य इन-सिटू हाय-सी: केंद्रक न फोडता आतल्या आत कापणी आणि जोडणी. ०.५ टक्का एसडीएस (साबणासारखं द्रव्य) ६२ अंशांवर, ट्रायटननं ते निष्प्रभ करणं, एमबीओ-१ या एन्झाइमनं ३७ अंशांवर रात्रभर कापणी, कापलेली टोकं बायोटिन लावलेल्या न्यूक्लिओटाइडनं भरणं, टी४ लायगेजनं ४ तास जोडणी, मग प्रोटिनेज-के आणि ६८ अंशांवर रात्रभर ठेवून क्रॉसलिंक (फॉर्मल्डिहाइडनं घातलेले बंध) उलटवणं, डीएनएचे ३०० ते ५०० बेसचे तुकडे, आणि बायोटिन पकडणाऱ्या स्ट्रेप्टाव्हिडिनच्या मण्यांवर बायोटिनवाले तुकडे ओढून घेणं. यात खोट काढण्यासारखं काही नाही. साडेचार गुण त्यासाठीच.

कापलेला अर्धा गुण पारदर्शकतेचा. तीन पट्ट्यांचा जेल फोटो (न कापलेलं, कापलेलं, जोडलेलं) अहवालात आपणहून येत नाही, मागावा लागतो. न कापलेल्या पट्टीत वरती घट्ट रेघ, कापलेल्यात खाली पसरलेला पट्टा, आणि जोडल्यावर तो पट्टा पुन्हा वर सरकलेला दिसायला हवा. तो वर सरकलाच नसेल तर जोडणी फसली आहे, आणि पुढचं सिक्वेन्सिंग म्हणजे पैसे खाडीत. दुसरी परीक्षा त्याहून स्वस्त. एमबीओ-१ 'जीएटीसी' या अक्षरांपाशी कापतो. टोकं भरून जोडली की तिथे 'जीएटीसीजीएटीसी' तयार होतं आणि त्यात क्लाय-१ या एन्झाइमची 'एटीसीजीएटी' ही जागा आपोआप येते. तयार लायब्ररीतला थोडा भाग क्लाय-१नं कापून तुकडे लहान झाले का ते पाहिलं की एका दुपारीत खरं काय ते कळतं. पीसीआरची (डीएनएच्या प्रती वाढवण्याची) चक्रं किती झाली तेही विचारा. १२च्या वर गेली असतील तर मूळ रेणू कमी होते, आणि ३० कोटींतल्या बऱ्याच रीड एकमेकींच्या झेरॉक्स निघतील.

पूर्ण रनआधी १० ते २० लाख रीड-जोड्यांची छोटी चाचणी करून देण्याची सोय पॅकेजमध्ये आहे आणि ती जरूर घ्यावी. एकाच गुणसूत्रावरचे, २० केबीपेक्षा (केबी म्हणजे हजार बेस) लांबचे संपर्क एकूण नक्कल नसलेल्या जोड्यांच्या ४० टक्क्यांच्या वर असतील तर पुढे जा; २० टक्क्यांच्या आसपास असतील तर थांबा आणि दुसरी पेलेट वापरायला सांगा. लांबच्या अंतरावर रीडच्या चारही दिशांच्या जोड्या प्रत्येकी जवळपास २५ टक्के दिसायला हव्यात. जवळच्या अंतरावर एकमेकींकडे तोंड केलेल्या जोड्या फुगल्या असतील तर कापणी किंवा जोडणी अपुरी; पाठ फिरवलेल्या फुगल्या असतील तर तुकडे स्वतःलाच गोल जुळले आहेत.

वाचनाच्या खोलीबद्दल माहितीपत्रकात '५ केबी रिझोल्यूशन' असं ठळक छापलेलं आहे. इथे साधं गणित करू. माणसाचा जीनोम ३.१ अब्ज बेसचा. ५ केबीच्या खान्यांत चिरला तर ६ लाख २० हजार खाने. रिझोल्यूशनची रूढ व्याख्या अशी की ८० टक्के खान्यांत किमान १,००० संपर्क हवेत. एक संपर्क दोन खान्यांत मोजला जातो, म्हणजे सरासरीनंच ३१ कोटी वापरण्याजोगे संपर्क लागतील, आणि वाटणी असमान असते म्हणून त्याहून बरेच जास्त. कच्च्या ३० कोटींतून न जुळलेल्या, दोन ठिकाणी जुळणाऱ्या आणि नकलेच्या जोड्या गाळल्यावर जे उरतं ते या आकड्याच्या खालीच राहणार. तेव्हा ५ केबी हा आकडा जाहिरातीचा.

पण हीच गोष्ट उलटी वाचा. जनुकाच्या वयाचा प्रश्न विचारायला ५ केबी कशाला हवं? 'ए' आणि 'बी' कंपार्टमेंट, म्हणजे जनुकांनी गजबजलेला सक्रिय भाग आणि केंद्रकाच्या कडेला चिकटलेला सुस्त भाग, ५० ते १०० केबीवर स्वच्छ दिसतात. ५० केबीचे खाने होतात ६२ हजार, आणि त्यांना सरासरीनं लागतात ३ कोटी १० लाख संपर्क. टॅडच्या (आपसात जास्त संपर्क ठेवणाऱ्या गुणसूत्राच्या सलग भागांच्या) सीमा २५ केबीवर, ३०० ते ५०० केबीच्या खिडकीनं इन्सुलेशन (एखाद्या जागेपलीकडे संपर्क किती तुटतात ते) मोजून काढता येतात. म्हणून विक्रेता '६० कोटींचं अपग्रेड' सुचवेल तेव्हा नम्रपणे नको म्हणा आणि त्याच पैशात दुसऱ्या दिवशी वाढवलेल्या पेशींची वेगळी लायब्ररी मागा. एकाच लायब्ररीच्या दुप्पट रीड म्हणजे तीच चूक दुप्पट खात्रीनं. दोन स्वतंत्र रेप्लिकेटमध्ये (पुन्हा केलेल्या प्रयोगांत) सीमा त्याच जागी आली तर तिच्यावर विश्वास ठेवता येतो.

विश्लेषण बीडब्ल्यूए, पेअरटूल्स आणि कूलर या सर्वांना उपलब्ध साधनांवर केलेलं आहे, ही जमेची बाजू. एम-कूल फाइल आणि जूसबॉक्समध्ये उघडणारी हिक फाइल, दोन्ही मिळतात. गुण कापले ते कंपार्टमेंटच्या रकान्यामुळे. आयगेनव्हेक्टरचं, म्हणजे संपर्कांच्या तक्त्यातून काढलेल्या आणि 'ए'-'बी' वेगळे करणाऱ्या आकड्यांच्या रांगेचं, चिन्ह गणिताच्या दृष्टीनं मनमानी असतं. अधिक म्हणजे 'ए' हे कुणीतरी ठरवावं लागतं, सहसा जीसी-प्रमाण (डीएनएतल्या जी आणि सी अक्षरांचा वाटा) किंवा जनुकांची दाटी पाहून. कंपनी दाखवते त्या नमुना-अहवालात काही गुणसूत्रांवर चिन्ह उलटं पडलेलं दिसतं, म्हणजे जनुकांनी भरलेला भाग 'बी' आणि वाळवंट 'ए'. काही गुणसूत्रांवर तर पहिला आयगेनव्हेक्टर कंपार्टमेंट पकडतच नाही, तो सेंट्रोमियरच्या दोन बाजूंच्या भुजा वेगळ्या करतो. उपाय सोपा: कूलटूल्सला गुणसूत्र भुजांमध्ये तोडून द्यायचं, जीसीचा ट्रॅक जोडायचा, आणि प्रत्येक गुणसूत्राचा आलेख डोळ्यांनी पाहायचा. उलटं चिन्ह राहिलेली दोनतीन गुणसूत्रं वयाचा अख्खा कल फिरवू शकतात. विशेषतः १९वं गुणसूत्र, जिथे जनुकांची दाटी सगळ्यांत जास्त.

१९व्याबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण या विषयाचं ते उत्तम उदाहरण आहे. २०१४च्या त्याच नकाशात 'बी४' नावाचा एक उपकंपार्टमेंट सापडला. तो फक्त १९व्या गुणसूत्रावर आहे, सगळा मिळून सुमारे ११ एमबी (१ कोटी १० लाख बेस), आणि क्रॅब-झिंकफिंगर कुळातल्या २७८ जनुकांपैकी १३० त्यात राहतात. हे कुळ पृष्ठवंशीयांत फार पूर्वी सुरू झालं, पण त्यातली बरीच सदस्यं प्राइमेटांच्या (माकड-वानर-माणूस गटाच्या) वंशात दुपटीतून, म्हणजे जनुकाची आणखी एक प्रत पडून, अलीकडे जन्मलेली. मग या जनुकांचं वय काय लिहायचं, कुळाचं की सदस्याचं?

वयाच्या तक्त्यात नेमका हा खुलासा नाही. 'वय' या एका रकान्यात थराचं नाव आहे: पेशीधारी, युकॅरिओट, प्राणी, पृष्ठवंशीय, सस्तन, प्राइमेट. पण तो थर कुठल्या व्याख्येनं आला ते कुठेही लिहिलेलं नाही. वय काढायच्या दोन रीती आहेत आणि त्यांची उत्तरं जुळत नाहीत. एक, फायलोस्ट्रॅटिग्राफी, जी २००७ साली या नावानं मांडली गेली: प्रथिनाचा क्रम दूरदूरच्या जीवांत शोधत जायचा आणि सगळ्यांत दूरचा नातलग जिथे सापडतो तो थर लिहायचा. हे कुळाच्या संस्थापकाचं वय. दुसरी, जनुकवृक्षावरून शेवटची दुपटी कधी झाली ते पाहायचं. हे त्या प्रतीचं वय.

ग्लोबिन घ्या, थॅलेसेमियामुळे हे नाव आपल्याकडे घराघरात माहीत आहे. आल्फा १६व्या गुणसूत्रावर, बीटाचा गट ११व्यावर; त्यांची फाटाफूट पृष्ठवंशीयांच्या आरंभाची. पण बीटाच्या गटातली गर्भातली दोन गॅमा जनुकं, एचबीजी१ आणि एचबीजी२, माकड-वानरांच्या पूर्वजात झालेल्या दुपटीची. पहिल्या रीतीनं ती कोट्यवधी वर्षांची म्हातारी, दुसऱ्या रीतीनं घरातली धाकटी. त्यात या दोघी एकमेकींशी क्रम अदलाबदल करत राहतात, म्हणजे जनुक-रूपांतरणामुळे जनुकवृक्षावर दुपटी खरी होती त्याहूनही अलीकडची वाटते. शिवाय बीटाचा हा गट वासग्राही जनुकांच्या मोहल्ल्यात राहतो, आणि ती कुळानं जुनी, सदस्यानं नवी. या एका मोहल्ल्यात कंपनीचा तक्ता एका व्याख्येनं 'जुना' आणि दुसरीनं 'नवा' असा ठप्पा मारेल. एकाच तक्त्यात दोन्ही वयं वेगळ्या रकान्यांत हवीत. विचारल्यावर 'स्टँडर्ड पाइपलाइन' असं उत्तर मिळालं की समजून जा.

तक्ता स्वतः करणं अवघड नाही, वेळखाऊ आहे. २०२३ साली आलेलं जेनएरा हे साधन डायमंड (प्रथिनांचे क्रम जुळवून पाहणारा प्रोग्रॅम) वापरून शोध घेतं. त्याला प्रत्येक जनुकाचं एकच, सगळ्यांत लांब प्रथिन द्या (सगळी रूपं दिली तर एकाच जनुकाला दोन वयं येतात), प्रजातीचा क्रमांक द्या (माणूस ९६०६, उंदीर १००९०), आणि प्रथिनांच्या मोठ्या डेटाबेससाठी शेकडो जीबी डिस्क मोकळी ठेवा. लॅपटॉपवर हा उद्योग करू नये. ई-व्हॅल्यूची (तितकी चांगली जुळणी निव्वळ योगायोगानं किती वेळा मिळेल त्या अंदाजाची) मर्यादा १०च्या उणे ३ऱ्या घातावर ठेवता की उणे ५व्या, यानं लहान प्रथिनांचे थर सरकतात. दोन्हींवर चालवून किती जनुकं हलली ते मोजा.

आता या विषयातला खरा खड्डा. लहान आणि वेगानं बदलणारी प्रथिनं नातलग असूनही शोधात सापडत नाहीत, आणि मग ती खोटी 'नवी' ठरतात. बुरशी आणि कीटकांवरच्या २०२० सालच्या कामात असं दिसलं की एखाद्याच वंशात सापडतात म्हणून नवी मानलेल्या बऱ्याच जनुकांचं नवेपण या शोधअपयशानंच समजावता येतं. जेनएरात त्याची चाचणी अंतर्भूत आहे: जवळच्या प्रजातींतले गुण अंतरानुसार कसे घसरतात ते पाहून, दूरच्या प्रजातीत नातलग असता तरी सापडला असता का, याचा अंदाज. कंपनीच्या तक्त्यात हा रकाना नाही. नुसतं वय पाहिलं तर 'नवी जनुकं बी-कंपार्टमेंटमध्ये' असा सुबक आलेख येतो. पण बी-कंपार्टमेंटचा डीएनए पेशीचक्रात उशिरा दुपटतो, आणि उशिरा दुपटणाऱ्या भागांत उत्परिवर्तनाचा दर जास्त असतो हे चांगलं ठाऊक आहे. दर जास्त म्हणजे क्रम लवकर ओळखू न येण्याजोगा होतो, आणि ओळखू न आलेलं जनुक नवं ठरतं. म्हणजे जागाच वय खोटं ठरवू शकते, आणि मग त्या खोट्या वयाचा जागेशी संबंध लावून आपण खूश. शोधअपयशाच्या चाचणीत नापास झालेली जनुकं काढून आलेख पुन्हा काढा. कल टिकला तर बोलायला जागा आहे.

दुसरा खड्डा नकाशाच्या बाजूचा, आणि तो अहवालात कुठेही दिसत नाही. अगदी अलीकडे दुपटलेली जनुकं एकमेकींची जवळपास हुबेहूब प्रत असतात. १५० बेसची रीड कुठल्या प्रतीची ते कळत नाही, तिचा जुळणीचा दर्जा शून्य येतो आणि ३०च्या गाळणीत ती गळते. तो खाना रिकामा पडतो, मग संतुलन (सगळ्या खान्यांची एकूण बेरीज सारखी करणं) करताना तो झाकला, म्हणजे हिशेबातून वगळला, जातो. म्हणजे सगळ्यांत नवी जनुकं ज्या भागात आहेत, नेमका तोच भाग नकाशात पांढरा. माणसात १ल्या गुणसूत्राच्या १क्यू२१ भागात हे ठळक दिसतं. नॉच२एनएलसारखी आपल्या वंशात नुकती आलेली जनुकं तिथेच आहेत. मोजणी अशी करा: प्रत्येक थरातली किती टक्के जनुकं झाकलेल्या खान्यांत गेली? तो आकडा प्राइमेट थरात एकदम वर चढत असेल तर त्या थराबद्दल निष्कर्ष काढू नका, किंवा काढलात तर उरलेल्या जनुकांपुरताच काढा. झाकलेल्या खान्यांची यादी कंपनीकडे असते, पॅकेजमध्ये नसते. मागा. २०२२ साली पूर्ण झालेल्या टी२टी-सीएचएम१३ या मानवी जीनोमवर जुळवलं तर जीनोमचा राहिलेला भाग भरतो, पण एकसारख्या प्रतींचा प्रश्न छोट्या रीडनं तरीही सुटत नाही.

टॅडबद्दल तर याहून सांभाळून. २०२४ साली सेल रिपोर्ट्समध्ये आलेल्या कामात माणूस आणि उंदीर दोघांतही जनुकं वयानुसार शेजार धरून असल्याचं दिसलं. काही टॅड जुन्यांनी भरलेले, काही नव्यांनी; आणि पृष्ठवंशीयांच्या पूर्ण-जीनोम दुपटीपर्यंत जन्मलेली जनुकं एका ढंगानं, नंतरची दुसऱ्या ढंगानं. अलीकडे दुपटलेली जनुकं जुन्यांनी भरलेल्या टॅडमध्ये असतील तर ती अत्यावश्यक असण्याची शक्यता जास्त, हाही त्यातलाच निष्कर्ष. अतिशय रंजक आहे हे. कंपनीचा अहवाल मात्र टॅडमधल्या जनुकांच्या वयाची सरासरी काढून एक रंगीत चित्र देतो आणि तिथेच थांबतो. एकापाठोपाठ दुपटलेली भावंडं शेजारीच राहतात आणि एकाच वयाची असतात. टॅड असो वा नसो, समवयस्क शेजारी मिळणारच. आधी एका टॅडमधली एकाच कुळातली भावंडं एक म्हणून मोजा. मग जनुकं जागच्या जागी ठेवून टॅडच्या सीमा गुणसूत्रावर गोल फिरवा, हजार वेळा, आणि खऱ्या सीमांनी मिळालेला शेजार त्या हजारांत कुठे पडतो ते पाहा. वयं सरमिसळ करून टाकणारी सोपी चाचणी इथे चालत नाही. तिच्यामुळे शेजारच मोडतो आणि प्रत्येक गोष्ट अर्थपूर्ण ठरते.

टॅडच्या सीमांजवळ रोजच्या कामाची, सगळ्या पेशींत चालू असणारी जनुकं जास्त सापडतात हे २०१२पासून माहीत आहे. ही जनुकं बहुतेक जुनीच. म्हणून 'जुनी जनुकं सीमेवर' हा शोध लावण्याआधी जनुकाची लांबी, जीसी, शेजारची दाटी आणि किती ऊतकांत ते चालतं (जीटेक्स या माणसाच्या ऊतकांतल्या जनुकांच्या माहितीसंग्रहात ५४ ऊतकप्रकारांची नोंद आहे) हे सगळं एकाच समीकरणात घाला आणि मग वयाच्या वाट्याला काय उरतं ते बघा. बहुतेक वेळा थोडं उरतं. थोडं उरणं हीसुद्धा बातमीच, फक्त चित्र तितकं देखणं येत नाही.

नमुना कुठला द्यायचा, यावर विक्रीप्रतिनिधी काहीच बोलत नाही, खरं तर बोलायला हवं. नव्या जनुकांतली बरीच वृषणात चालू असतात. रक्ताच्या पेशींचा नकाशा काढून ती 'बी'मध्ये झोपलेली दाखवणं म्हणजे कारखान्याला सुट्टीच्या दिवशी भेट देऊन कामगार आळशी म्हणण्यासारखं. पण वृषण द्यायचं तर पेशी वेगळ्या केल्याशिवाय देऊ नका: उंदरात शुक्राणू बनत असताना मधल्या पॅकिटीन अवस्थेत असलेल्या पेशींत टॅड जवळपास पुसले जातात, हे २०१९ साली एकाहून अधिक गटांनी दाखवलं. सगळ्या अवस्था एकत्र वाटून दिल्या तर फिकट टॅडची सरासरी मिळेल आणि दोष लायब्ररीवर जाईल. वाढत्या पेशींत विभाजनाच्या अवस्थेतल्या पेशींचा भरणा असला तरी कंपार्टमेंट आणि टॅड दोन्ही फिके पडतात. आणि कर्करोगाच्या पेशीरेषा या प्रश्नासाठी टाळाच. गुणसूत्रांची अदलाबदल तिथे दूरच्या भागांना शेजारी दाखवते, आणि प्रतींची संख्या बदललेली असली की संतुलनही फसतं.

बाकीचं थोडक्यात. फोन उचलतात. डेटा हार्डडिस्कवर देतात, दीडशे बेसच्या ३० कोटी जोड्या म्हणजे ९० अब्ज बेस, लिंकवरून उतरवत बसण्यात अर्थ नाही. चेकसमची (फाइल अखंड आली का ते ताडायच्या आकड्यांची) फाइल सोबत असते, ती तपासून मगच पोचपावतीवर सही करा. जनुकांच्या जागांचे आकडे कुठल्या जीनोमवरचे ते अहवालाच्या पहिल्या पानावर पाहा. नकाशा एचजी३८वर आणि वयाचा तक्ता एचजी१९ या मानवी जीनोमच्या जुन्या आवृत्तीवर, अशी जोडी नमुना-अहवालात आहे. जनुकं चुकीच्या खान्यात सरकतात आणि संगणक त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. त्यामुळे वयाचा तक्ता घ्यायचाच असेल तर तो जनुकाच्या एन्सेम्बल (जनुकांची सार्वजनिक नोंदवही) क्रमांकानं जोडा, जागेच्या आकड्यानं नाही.

ऑर्डरमध्ये लेखी घालून घ्यायच्या ओळी: दोन स्वतंत्र लायब्ररी, प्रत्येकी १५ कोटी जोड्या, जेल आणि क्लाय-१ची तपासणी, छोट्या चाचणीनंतर तुमच्या होकाराशिवाय पूर्ण रन नाही, नकला काढण्याआधीची पेअर्स फाइल, झाकलेल्या खान्यांची यादी, आणि उरलेली लायब्ररी सहा महिने उणे २० अंशांवर राखून ठेवणं. वयाच्या तक्त्याची ओळ खोडा. त्यावर थोडी सूट मिळते, मागितली तर.